खापर जुळतं ते कडेवर
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या अंकात, उत्खननात मिळालेली फुटकी मातीची भांडी संगणकावर कशी जोडतात याची ओळख करून दिली होती. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. दोन शब्द आधी ठरवून घेऊ. तुकडा जिथे तुटला त्या खडबडीत भागाला आम्ही ‘कड’ म्हणतो. ‘काठ’ हा शब्द भांड्याच्या तोंडाच्या मूळ काठासाठीच राखून ठेवला आहे. या दोहोंची गल्लत झाली की पुढची मापं चुकतात.

प्रश्न : मी कळव्याला राहते, प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय घेऊन एम. ए. करते आहे. हाताशी मोबाइल आणि लॅपटॉप आहे. घरी सराव कशापासून सुरू करू?

उत्तर : खऱ्या प्राचीन खापरावर सराव करू नका. संक्रांतीच्या सुमारास ठाण्याच्या बाजारात सुगडं मिळतात. एरवी कुंभाराकडून वीतभर उंचीचं, रंग न दिलेलं मडकं आणा. फोडण्याआधी त्याची उंची, काठाचा व्यास आणि वजन लिहून ठेवा. बारीक तांदूळ काठोकाठ भरून ते मापून घ्या, म्हणजे धारकताही कळेल. जोडणी झाल्यावर आपण कितपत बरोबर होतो हे याच आकड्यांवरून समजतं, म्हणून ही पायरी गाळू नका. मग मडकं जाड कापडात गुंडाळून पोटावर लाकडाचा एकच ठोका द्या. दहा-पंधरा तुकडे पुरेत. चुरा फेकू नका, डबीत ठेवा.

आता फोटो. एका वस्तूचे अनेक बाजूंनी घेतलेले फोटो एकत्र करून संगणक त्रिमिती आकार काढतो, याला फोटोग्रामेट्री म्हणतात. केकवर आयसिंग करताना वापरतात तो फिरता ट्रे घ्या, त्यावर आणि मागे काळं मखमली कापड लावा. पार्श्वभूमी कोरी असणं महत्त्वाचं आहे. खापर फिरतंय आणि मागची भिंत स्थिर आहे, असं दिसलं की सॉफ्टवेअर गोंधळतं आणि अर्धे फोटो नाकारतं.

खापर आडवं ठेवून आधी वरची बाजू, मग उलटं करून खालची, अशी पद्धत बरेच जण वापरतात. पातळ खापरांना ती घातक आहे. दोन्ही बाजूंच्या जाळ्या (संगणकाने बारीक त्रिकोण जोडून केलेला पृष्ठभाग) फक्त ३-४ मिलिमीटरच्या कडेवर एकमेकींना शिवतात आणि नेमकी कडच बिघडते. त्यापेक्षा फोमच्या ठोकळ्यात चीर पाडून खापर उभं खोचा. एकाच फेरीत आतली बाजू, बाहेरची बाजू आणि तीन कडा मिळतात. मग उलटं खोचून उरलेली कड घ्या. खोचायला मुलांची खेळायची तेलकट माती वापरू नका, तिचं तेल सच्छिद्र खापरात मुरतं आणि डाग जात नाही.

ट्रे दर वेळी १५ अंश फिरवला तर एका फेरीत २४ फोटो होतात. कॅमेऱ्याच्या दोन उंची आणि खापराच्या दोन स्थिती धरून एका खापराचे ९६. लागोपाठच्या फोटोंमध्ये निदान ६० ते ८० टक्के भाग समान हवा. वेळ वाचवायला एका ट्रेवर चार-पाच खापरं लावता येतात, फक्त एक दुसऱ्याच्या आड येणार नाही इतकं अंतर राखा.

मोबाइल असेल तर फोकस आणि प्रकाशमान (एक्सपोजर) दोन्ही कुलूपबंद करा, पोर्ट्रेट मोड बंद करा, आणि जवळ नेल्यावर मोबाइल आपोआप दुसऱ्या लेन्सवर जात नाही ना, ते पाहा. वेगळा कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ८ ते एफ ११, आयएसओ १००. या मापांना घरातल्या उजेडात अर्धा-पाऊण सेकंद लागतो, म्हणून स्टँड आणि दोन सेकंदांचा टायमर हवाच. रेल्वेलाइनलगतच्या किंवा घोडबंदर रस्त्याकडेच्या इमारतीत एवढ्या वेळात गाडीचा हादरा फोटोत उतरतो. रात्री उशिरा काम केलेलं बरं. पंखा बंद ठेवा. खिडकीतल्या उजेडावर विसंबू नका, कारण पावसाळ्यात ढग सरकला की रंग आणि सावली बदलते. दोन एलईडी दिवे बटर पेपरच्या आडून लावले की मऊ, एकसारखा उजेड मिळतो.

फोटोंमधून आकार काढायला मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर चालेल. मात्र लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ते पूर्ण तपशिलाची जाळी करत नाही. अशा वेळी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला संगणक गाठा. जाळी साफ करायला मेशलॅब, जोडायला क्लाउडकम्पेअर आणि शेवटच्या मांडणीसाठी ब्लेंडर. तिन्ही मोफत आहेत. महागड्या मोबाइलमधला लायडार (लेझरने अंतर मोजणारा संवेदक) या कामाचा नाही, त्याला कडेचे बारीक उंचसखल भाग दिसतच नाहीत.

प्रश्न : नेरूळला सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. चित्रकोडं सोडवणारे प्रोग्रॅम सर्रास आहेत. मग सगळी खापरं स्कॅन करून संगणकाला दिली की त्याने आपोआप भांडं जोडायला काय हरकत आहे?

उत्तर : चित्रकोड्याचे तुकडे एकाच सपाट पातळीवर असतात, सगळे हजर असतात आणि त्यांच्या कडा कारखान्यात नेमक्या कापलेल्या असतात. खापरांच्या बाबतीत यातलं एकही खरं नसतं.

आधी संख्या बघा. २०० खापरांच्या जोड्या होतात १९,९००. प्रत्येकाला चार कडा धरल्या तर कडांच्या जोड्या ३,१८,४००. एवढ्या तपासण्या आजच्या संगणकाला जड नाहीत. खरी अडचण पुढे आहे. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या भांड्याची कड म्हणजे एक बारीक पट्टी. तिच्यावर ओळख पटवणारी माहितीच थोडी. त्यात जमिनीखाली हजारो वर्षं राहून तिचे कण झडलेले. मग संगणक एका कडेला तीसचाळीस ‘जुळणाऱ्या’ कडा दाखवतो आणि त्यातली खरी एखादीच असते, कधी तीही नसते, कारण तो शेजारी तुकडा सापडलेलाच नसतो.

जिथे जाडी मोठी तिथे यश जास्त. ग्रीसमधल्या थेरा बेटावर अक्रोतिरी इथल्या भित्तिचित्रांचे तुकडे स्कॅन करून जुळवण्याची पद्धत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये मांडली. गिलाव्याचे ते तुकडे सपाट आणि भरपूर जाड. रोमच्या प्राचीन संगमरवरी नकाशाच्या १,१८६ तुकड्यांवर स्टॅनफर्डने असंच काम केलं, तिथेही दगड जाड होता. पॉम्पेईच्या भित्तिचित्रांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय प्रकल्पात तर जुळवणीसोबत यंत्रमानवाचा हातही आहे. पातळ मातीच्या भांड्याला हे मार्ग जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पण मातीच्या भांड्याकडे एक गोष्ट आहे जी भिंतीकडे नाही, ती म्हणजे चाक. चाकावर घडवलेलं भांडं एका अक्षाभोवती फिरून तयार झालेलं असतं. खापराच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू त्या अक्षापासून किती दूर आणि किती उंचीवर आहे एवढंच नोंदवा. अक्ष बरोबर निवडला असेल तर सगळे बिंदू एका बारीक वक्ररेषेवर, म्हणजे भांड्याच्या छेदरेषेवर, येऊन बसतात; चुकीचा असेल तर ती रेषा पसरट, धुरकट होते. संगणकाला सांगायचं इतकंच, की रेषा सर्वांत बारीक होईल तो अक्ष शोध. आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटांच्या रेघा असतात, त्या अक्षाला जवळजवळ काटकोनात असतात. त्यांचा आधार घेतला तर शोध लवकर संपतो. मग प्रत्येक खापराचा कल कळतो, छेदरेषा एकमेकींशी जुळवल्या की भांड्यातली उंचीही ठरते, आणि उरतो तो फक्त अक्षाभोवती किती फिरवायचं हा प्रश्न. सहा अनिश्चित गोष्टींची (तीन दिशांना सरकणं, तीन दिशांना फिरणं) एकच होते. आमच्या मते आपोआप जोडणीचं सगळं बळ इथे आहे, कडेच्या गणितात नाही.

याला मर्यादा आहेत. आपल्याकडे मडक्याचा खालचा भाग बऱ्याचदा चाकावरून उतरवल्यावर फळीने ठोकून, आतून गोटा धरून फुगवलेला असतो. तिथे बोटांच्या रेघा पुसलेल्या असतात. हाताने घडवलेले धान्याचे रांजण अक्षाला जुमानत नाहीत. तोटी असलेल्या भांड्यात तोटीभोवतीची खापरं बाजूला काढून शेवटी बसवावी लागतात. जोर्वे संस्कृतीची तोटीची भांडी, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून नाव पडलेली आणि शिरूर तालुक्यातल्या इनामगावला विपुल सापडलेली, या बाबतीत मोठी समाधानाची आहेत. पोटाला ठळक कोन असतो, त्यामुळे उंची चटकन ठरते. लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाच्या भौमितिक रेषा असतात, त्या एका खापरावरून दुसऱ्यावर गेलेल्या दिसतात. पृष्ठभाग चकाकत नाही, त्यामुळे फोटोही उत्तम येतात. उत्तरेकडच्या काळ्या चकचकीत भांड्यांचे फोटो मात्र चमकेमुळे फसतात. तिथे दिव्यांवर आणि लेन्सवर परस्परांना काटकोनात ध्रुवक (पोलरायझर) पट्ट्या लावायच्या. पावडर फवारायची नाही, ती छिद्रांत जाऊन बसते.

आणि संगणकाला काही देण्याआधी टेबलावर हाताने ढीग करा. जाडी, लेपाचा रंग, मातीतले खडे, आणि कडेतला छेद. भाजताना आतला कार्बन पूर्ण जळला नसेल तर छेदात करडा-काळा पट्टा दिसतो. त्याची रुंदी आणि जागा शेजारच्या खापरांत सहसा सारखी असते. जाणत्या डोळ्याने तासाभरात २०० चे पंधरा-पंधराचे गट केले तर प्रत्येक गटात जोड्या उरतात १०५.

प्रश्न : नौपाड्यातून. मी गणिताचा निवृत्त शिक्षक. काठाचा एवढासा तुकडा पाहून तोंडाचा व्यास १८ सेंटीमीटर होता असं सांगतात, ते कसं?

उत्तर : तुमच्या वर्गात शिकवलेल्या जीवेच्या गणितानेच. काठाच्या तुकड्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर म्हणजे जीवा, आणि जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतची उंची, या दोन मापांवरून त्रिज्या मिळते: जीवेचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा निम्मा. जीवा ६ सेंटीमीटर आणि उंची ०.५ असेल तर ३६ भागिले ४ म्हणजे ९, त्यात ०.२५ मिळवले की त्रिज्या ९.२५. व्यास १८.५ सेंटीमीटर.

पण उंची मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली आणि ०.४ आली, तर त्रिज्या ११.४५ होते. व्यास २२.९. एका मिलिमीटरने भांडं सव्वाचार सेंटीमीटरहून जास्त रुंदावलं! म्हणून पट्टीने मोजू नये. स्कॅन केलेल्या काठावरचे शेकडो बिंदू घेऊन त्यांतून वर्तुळ बसवलं की ही चूक बरीच कमी होते. त्याआधी तुकड्याचा कल बरोबर हवा. काठ खाली करून सपाट काचेवर ठेवा आणि काठाखालून उजेडाची फट दिसेनाशी होईपर्यंत डोलवा, तोच त्याचा मूळ कल.

वरच्या उदाहरणात तो तुकडा वर्तुळाचा सुमारे ३८ अंशांचा, म्हणजे साडेदहा टक्के भाग आहे. हा टक्का व्यासाशेजारी नेहमी लिहावा. ५ टक्क्यांहून कमी काठ उरला असेल तर व्यासाचा आकडा छापू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. आणखी एक सांगायला हवं: ओलं भांडं उचलताना थोडं दबतंच, त्यामुळे खरं तोंड काटेकोर गोल नसतं. संगणकाने दिलेल्या व्यासातला दुसरा दशांश म्हणूनच निरर्थक आहे.

प्रश्न : कोपरखैरण्याहून. सरावाचं मडकं १४ तुकड्यांत फोडून स्कॅन केलं. दोन-दोन तुकडे छान जुळतात, पण सगळे जोडत गेल्यावर शेवटच्या आणि पहिल्या तुकड्यात बोटभर फट राहते. काय चुकतं आहे?

उत्तर : ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. एकेका सांध्यावर अर्ध्या अंशाची चूक डोळ्याला दिसत नाही. पण कडेने आठ तुकडे जोडत गेलात आणि चूक एकाच दिशेने साठली तर चार अंश होते. १५ सेंटीमीटर त्रिज्येच्या मडक्यावर चार अंश म्हणजे एक सेंटीमीटरहून किंचित जास्त. ही तुमची बोटभर फट.

उपाय असा. तुकडे माळेसारखे ओवू नका. आधी काठाचे तुकडे काठाच्या वर्तुळावर बसवा, मग प्रत्येकाचा अक्ष एकच राहील अशी बेडी घाला आणि खाली उतरा. ज्या ठिकाणी तीन खापरं एका बिंदूत मिळतात ते सांधे आधी पक्के करा. दोन खापरं सांध्यावर घसरू शकतात, तीन मिळाली की घसरत नाहीत. शेवटी सगळे सांधे एकाच वेळी सैल करून एकत्र समायोजित करायचे, म्हणजे उरलेली चूक सगळीकडे वाटली जाते.

तरीही जुळलं नाही तर मोजमाप तपासा. फोटोग्रामेट्रीला स्वतःचं माप नसतं, ते फोटोत ठेवलेल्या पट्टीवरून द्यावं लागतं. पट्टी घरी छापली असेल तर प्रिंटरने ‘पानात बसवा’ म्हणत ती तीन-चार टक्के आखूड केलेली असू शकते. कॅलिपरने मोजून घ्या. दोन वेगळ्या फेऱ्यांतल्या मापांत एक टक्क्याचा फरक असेल तर १० सेंटीमीटर लांब कडेवर तो एक मिलिमीटर होतो, आणि सांधा कधीच बसत नाही.

क्लाउडकम्पेअरमध्ये आधी तीन-चार समान बिंदू हाताने दाखवा आणि नंतरच बारीक जुळवणी चालवा. ही जुळवणी फक्त जवळचा बिंदू शोधत जाते; सुरुवातच दूर असली तर चुकीच्या खड्ड्यात अडकते आणि तिथेच समाधान मानते. जाळीतून कडेचा भाग कापून वेगळा घ्या आणि जुळवणी त्याच भागावर चालवा. समान भागाचं प्रमाण मूळ १०० टक्क्यांवर तसंच राहिलं तर सॉफ्टवेअर नसलेला भागही जुळवायला बघतं आणि कडा एकमेकींत घुसतात. घुसलेली कड ही नक्की चूक असते. दोन कडांत ०.२-०.३ मिलिमीटरची मोकळी फट मात्र स्वाभाविक आहे, तेवढे कण गळालेले असतात.

गुळगुळीत करण्याचं बटण आणि भोकं आपोआप बुजवण्याचं बटण, दोन्ही टाळा. पहिलं कडेचे उंचसखल भाग घासून टाकतं. दुसरं, जिथे फोटोच पोचला नाही तिथे खोटी कड तयार करतं आणि ती खरीसारखी दिसते. जाळी हलकी करायची तर प्रतीवर करा, एक-दोन लाख त्रिकोणांवर आणा आणि मूळ फाइल हात न लावता ठेवा.

प्रश्न : बेलापूर. संगणकावर जुळलं तरी शेवटी प्रत्यक्ष चिकटवावंच लागत असेल ना? कोणता गोंद?

उत्तर : लागतंच असं नाही. संशोधनासाठी आकार, धारकता आणि छेदचित्र संगणकावरच मिळतं आणि खापरं पेटीत सुरक्षित राहतात. प्रदर्शनात ठेवायचं असेल तर चिकटवायचं, आणि तेव्हा संगणकावरचा क्रम फार उपयोगी पडतो. हाताने जोडताना एखादा तुकडा आधी लावला की दुसऱ्याची वाट बंद होते. तो क्रम पडद्यावर आधीच ठरवता येतो.

झटपट चिकटणारे आणि दोन नळ्यांचे गोंद नकोत, ते सोडवता येत नाहीत. संवर्धनात पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळ वापरतात. सांध्यासाठी साधारण १०० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये ५० ग्रॅम, आणि चूक झाली तर ॲसिटोननेच सुटतं. आपल्या भागात एक धोका लक्षात ठेवायला हवा. हे राळ ४० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या खोलीत जड मडक्याचे सांधे हळूहळू सरकतात. तिथे जास्त तापमान सोसणारं बी-४४ किंवा बी-४८एन घ्यावं. ॲसिटोन पेट घेतं. खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवूनच काम करा.

खाडीकाठच्या मातीतून आलेल्या खापरांत मीठ मुरलेलं असतं. वाळताना ते कडेवर पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात येतं, सांधा बसू देत नाही आणि नंतर पृष्ठभाग उडवतं. चिकटवण्याआधी संवर्धकाच्या देखरेखीखाली स्वच्छ पाण्याच्या बदलत्या अंघोळींत ते काढतात आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजून थांबायचं ठरवतात. त्यानंतर सावलीत पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात याला आठवडाही लागतो.

प्रश्न : ऐरोली. निम्मं भांडंच सापडलं तर उरलेलं निम्मं काढणं म्हणजे कल्पनाच नव्हे का?

उत्तर : कशावरून काढलं त्यावर ते अवलंबून आहे. काठापासून बुडापर्यंत एक तरी अखंड पट्टी मिळाली असेल तर चाकावरच्या भांड्याचा उरलेला भाग छेदरेषा फिरवून काढता येतो, आणि तो भक्कम अंदाज असतो. बूडच नसेल तर उंची आणि धारकता दोन्ही कल्पना. तोटी कुठे होती याची खूण नसेल तर तोटी काढूच नये.

मॉडेलमध्ये तीन रंग ठेवा: सापडलेला भाग मूळ रंगात, छेदरेषेवरून काढलेला फिकट करड्यात, आणि इतर भांड्यांच्या तुलनेने भरलेला आणखी वेगळ्या रंगात. थ्रीडी प्रिंटमध्येही हाच भेद राखा. सांस्कृतिक वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी २००६ मध्ये तयार झालेल्या लंडन सनदेचा आग्रहही हाच आहे, की पुरावा कुठे संपतो ते पाहणाऱ्याला दिसलं पाहिजे.

प्रश्न : घणसोली. आमच्याकडे इमारतीच्या खोदकामात जुनी वाटणारी खापरं निघाली. घरी आणून धुऊन स्कॅन केली तर चालेल का?

उत्तर : आणू नका आणि धुऊ तर मुळीच नका. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचं बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्यात आहे. तहसील कार्यालयाला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. आतल्या बाजूला चिकटलेल्या थरात शिजवलेल्या अन्नाचे स्निग्ध अंश असू शकतात, धुतलं की तो पुरावा जातो. ब्रशने घासलं की कड जाते.

तोवर एवढं करा: खापरं जागेवरच असताना शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, मोबाइलचं लोकेशन सुरू ठेवा, आणि जमिनीपासून खोली किती व आजूबाजूची माती कोणत्या रंगाची होती ते त्याच दिवशी लिहून काढा.